काकांची मडी

माझे काका, सुरेंद्र काका, दर मंगळवारी पापनाशमला जातात. तिथे आमचं थोडं शेत आहे आणि भाताकडे बघायला घरचं माणूस लागतं, हे खरं. पण भात कापून झाल्यावरही काकांचा मंगळवार चुकत नाही. तिथे स्टेशनच्या मागे कमलाक्षी नावाची बाई राहते. वीसेक वर्षं झाली. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक आहे आणि प्रत्येक घराने ते घडी घालून कपाटात ठेवलेलं आहे.

बुधवारी सकाळच्या बसने काका परत येतात, डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओतून घेतात, धूतवस्त्र नेसतात आणि देवापुढे बसतात. तंजावुरात आम्ही सोवळ्याला मडी म्हणतो. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, बाहेरगावाहून आल्या आल्या तुम्ही मडी कसे होता? काका हसून म्हणाले होते, "मडी म्हणजे पाणी आणि कापड. दुसरं काही नव्हे."

ते मी नीट लक्षात ठेवलं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली, अप्पा, म्हणजे आमचे वडील, असतानाच. नवऱ्यामागे न राहता गेलेल्या बाईसाठी आमच्यात पितृपक्षात अविधवा नवमी करतात. सवाष्ण बोलावून तिला न्हाऊ घालायचं, लुगडं द्यायचं, पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे आई जेवली. मागच्या वर्षी माझी धाकटी बहीण कीर्तना सुट्टी मिळाली नाही म्हणून चेन्नईत अडकली, आणि त्याचं तिने इतकं मनाला लावून घेतलं की आठवडाभर फोनवर धड बोलली नाही. या वर्षी दोन दिवस आधीच हजर. "अक्का, सगळं मी करणार. तू चुलीजवळ येऊं नको," म्हणाली. मला बरंच वाटलं. आईची आंबट भाजी मला कधी साधली नाही, कीर्तनाला साधते.

नवमी बुधवारी आली. सवाष्ण म्हणजे आमच्या गंगाबाई काकू, काकांचीच बायको, आईची जाऊ. त्यांचं न्हाणं झालं होतं, नवं लुगडं नेसून त्या पाटावर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पायांना हळद लावत होते. आत कीर्तना स्वयंपाकाला लागली होती. पहाटे डोक्यावरून आंघोळ केली होती. उंच बांधलेल्या दांडीवर, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीने वाळत टाकलेलं नऊवारी तिने काठीनेच खाली काढलं होतं. नेसायची सवय नाही, मडीत पिना लावायच्या नाहीत, म्हणून दर पाच मिनिटांनी निऱ्या सावरत होती. चिंच भिजत होती, पुरण शिजत होतं.

तेवढ्यात काका आले. पापनाशमहून येऊन आंघोळ आटोपलेली, केस ओले. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले.

"कीर्तना, तू मडी का?"

"हो काका. आंघोळ केली. दांडीवरचंच लुगडं आहे."

"ते नव्हे. चेन्नईत तुझ्या दारावर दोन नावं आहेत म्हणे. तो प्राणेश कोण?"

कीर्तनाला खोटं बोलता येत नाही, हीच तिची चूक. म्हणाली, "आम्ही एकत्र राहतो. अप्पांना ठाऊक आहे."

"मग ऊठ तिथून. वहिनीच्या पानात तुझ्या हातचं चालायचं नाही. उरलेलं रम्या करील." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

कीर्तनाने पळी खाली ठेवली. रडली नाही. तिने पंचांग घेऊन बसलेल्या अप्पांकडे बघितलं. अप्पा घरातले थोरले. अनिरुद्धराव म्हटलं की अजूनही त्यांच्या जुन्या ऑफिसातले लोक उठून उभे राहतात. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "आजच्या दिवशी वाद नको."

माझं डोकंच फिरलं. आजचा दिवस कुणाचा होता? ज्या आईसाठी हे चाललं होतं, तिच्या पोरीला तिच्याच चुलीवरून उठवत होते आणि वाद म्हणे आम्ही घालत होतो.

"काका, मडी म्हणजे पाणी आणि कापड. तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हटलं. हात हळदीने भरलेले, तशीच उभी राहिले. "तिने दोन्ही केलं. तुम्हीही आत्ता तेच करून आलात. काल मंगळवार होता."

काकांचा चेहरा जरासुद्धा उतरला नाही. आणि खरं सांगते, मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. ते ढोंग करत नव्हते. दोन बादल्यांनी आपण धुऊन निघतो, यावर त्यांची पक्की श्रद्धा होती. समजुतीने मला म्हणाले, "पुरुषाचं वेगळं, रम्या. पुरुषाला बाहेरचं लागतं, बाहेरच धुतलं जातं. बाईची मडी आत असते."

"आत म्हणजे कुठे, काका? एकदा नीट सांगा."

"पोदुम," काका म्हणाले. म्हणजे तमिळमध्ये पुरे.

पाटावरून गंगाबाई काकू बोलल्या. आवाज चढवला नाही. "मज एक सांगा. बाईची आत असते म्हणालां. तुम्ही पापनाशमहून येतां, माझ्या खोलीतही येतां. मग माझी मडी कधीच गेली की. वीस वर्षं तुमच्या देवाला नैवेद्य कुणी केला?"

"गंगा, पोरींसमोर हे..."

"पोरींसमोर तुम्हीच काढलंत. मी विचार करत होतें, मी बरी इथे सवाष्ण म्हणून बसलें. कीर्तनाच्या हातचं चालत नाही, तर माझं तोंड तरी वहिनींच्या पानाला कसं चालेल?" त्यांनी केसांतला गजरा सोडायला घेतला. "दुसरी बाई बघा. मी उठतें."

हळद लागलेली सवाष्ण जेवल्यावाचून पाटावरून उठली, की त्या दिवसाचं सगळं वाया जातं. हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. ते भ्यायले, बायकोला नव्हे, पितरांना.

"बस, बस," ते पुटपुटले.

"कोण करील स्वयंपाक?" काकूंनी विचारलं.

काका बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कीर्तनाने पुन्हा पळी उचलली.

दुपारी केळीच्या पानावर सगळं वाढलं. काकूंनी आधी आंबट भाजीलाच हात घातला. कीर्तना निऱ्या मुठीत धरून उभी.

"मीठ कमी आहे," काकू म्हणाल्या.

"मडीत चव बघत नाहीत ना," कीर्तना घाबरून म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझ्या आईचंही दर वेळी कमीच पडायचं. वाढ अजून."

तेव्हा कुठे कीर्तना रडली, भाजीची पळी हातात धरूनच. अप्पा खाली मान घालून जेवत होते. त्यांच्याकडे बघायची मला इच्छा झाली नाही.

ओट्यावरून काका खोकले. थोड्या वेळाने पुन्हा खोकले.

"रम्या," काकू म्हणाल्या, "जा, विचारून ये त्यांना. कीर्तनाच्या हातचं चालतं का म्हणावं."

मी गेले आणि अगदी त्याच शब्दांत विचारलं. वाटलं होतं, उठून चालू लागतील, निदान आजचा दिवस उपाशी राहतील. तसं झालं असतं तर मी त्यांना थोडा तरी मान दिला असता.

काकांनी माझ्याकडे न बघता आत वाढलेल्या पानांकडे बघितलं.

"वाढ," म्हणाले. आणि आंबट भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.