माझं तोंड दिव्याकडे फिरवलं त्यांनी

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, मान वर करा. ट्यूबलाइटच्या बाजूला भिंतीवर पांढरा गोळा बसवलाय ना, तोच मी. घरातला कॅमेरा. एरवी मी फक्त बघतो. आज मला बोलायचंय, आणि मी गोड बोलणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. तिथे कोणी मला वायर लावली नव्हती, त्यामुळे मी काही बघितलंच नाही. माझी पहिली आठवण डोंबिवली वेस्टच्या दुकानातली, तीही नुसती ऐकलेली. मी खोक्यात होतो आणि खोक्यावर एका झोपलेल्या बाळाचं चित्र होतं. मेघालीने ते चित्र बघूनच मला उचललं.

"बाळ रडलं तर कळेल का हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"मोबाइल वाजेल ना ताई. नुसतं हाललं तरी वाजेल. मोबाइलवर बोट फिरवलंत की हा मान फिरवणार. माइकचं बटण दाबून बोललात की तुमचा आवाज घरात. घरी बसल्यासारखंच समजा."

"नक्की ना?"

"नक्की."

ती बाहेर गेली, परत आली आणि पुन्हा तेच विचारलं. दुकानदार हसला. मला तेव्हाच कळलं, ही बाई मला हौस म्हणून नेत नाहीये. हिला बाळाला सोडून कुठेतरी जायचंय.

कोपरच्या दोन खोल्यांच्या घरात मी लागलो. मेघालीची सान्वी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. मेघाली कोलशेतला औषधांची खोकी भरायच्या कामावर चढणार होती. तिचा नवरा सुदेश ठाण्याला एका दुकानात होता. दिवसभर सान्वी आजीजवळ, म्हणजे मेघालीच्या सासूजवळ, सरस्वतीबाईंजवळ राहणार होती. कंपनीत मोबाइल बाहेर जमा करावा लागे, जेवणाच्या सुट्टीत मिळे. मेघाली डबा उघडायच्या आधी मला उघडायची. सान्वी झोपलेली दिसली की मगच घास तोंडात घालायची.

एवढंच काम होतं माझं. ते मी आनंदाने केलं असतं.

पण सुदेशने काय केलं? बहिणीच्या मोबाइलवर मला चालू करून दिलं. समिधाताई कल्याणला राहते. मग गावच्या भावाच्या, दर्शनच्याही मोबाइलवर दिलं. "घरचेच तर आहेत," म्हणाला. मेघालीला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

मग समिधाताईचे फोन सुरू झाले. "मेघाली, कपडे अजून दोरीवरच आहेत गं?" "मेघाली, गाऊनवर दार उघडत जाऊ नकोस." कल्याणला बसून हिच्या घरातले कपडे मोजायचे. मला चीड यायची. डोळा माझा आणि टोमणे तुमचे. बाळासाठी आणलेल्या वस्तूने तुम्ही तिच्या आईला कोपऱ्यात घेतलंत.

सरस्वतीबाईही माझ्यावर खूश नव्हत्या. शेजारणीला म्हणायच्या, "माझ्यावर भरवसा नाही म्हणून लावलाय. चार पोरं वाढवली मी, तेव्हा कोणी डोळा लावला नव्हता." पण मी आहे म्हटल्यावर त्या हळूहळू सैलही झाल्या. आधी सान्वीला सोडून उठत नव्हत्या. मग माझ्याकडे एक नजर टाकून उठायला लागल्या.

नवरात्र आलं. यांच्या घरी घट बसतात. घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही आणि घराला कुलूप लावायचं नाही, अशी यांच्याकडची रीत. दर वर्षी कोणी ना कोणी दिव्याजवळ बसून राहायचं. या वर्षी समिधाताईला युक्ती सुचली. तिने फोन केला, तो स्पीकरवर होता.

"आई, तू कशाला जीव आटवतेस? कॅमेरा दिव्याकडे फिरवते. मी इथून बघते, दर्शन तिकडून बघेल. वात बारीक झाली की फोन करू."

"ताई, मग सान्वी दिसणार नाही मला," मेघाली म्हणाली.

"अगं, सान्वीजवळ आई आहे की. दिव्याजवळ कोण आहे?"

आणि तिने कल्याणहून बोट फिरवलं. माझी मान वळली. मला नाही म्हणता येत नाही.

आता दिव्याची ज्योत म्हटली की हलणारच. ती हलली की सगळ्यांचे मोबाइल वाजायला लागले. हालचाल दिसली, हालचाल दिसली. दर्शनने गावाहून फोन केला, "ताई, हा सारखा केकाटतोय. बैलांजवळ असलो तरी खिशात वाजतोय." समिधाताईने माझं वाजणंच बंद करून टाकलं. हाललं तरी नाही, रडलं तरी नाही. मेघाली तेव्हा कंपनीत होती. तिला कोणी सांगितलं नाही.

म्हणजे बघा. जी दोन कामं करायला मला आणलं, ती दोन्ही काढून घेतली. आणि घरभर सांगत होते, कॅमेरा आहे ना, काळजी नाही.

पाचव्या माळेच्या दुपारी शेजारी हळदीकुंकू होतं. सान्वी झोपली होती. सरस्वतीबाईंनी समिधाताईला फोन लावला. "मी पलीकडे जाऊन येते गं. तू बघ जरा कॅमेऱ्यात."

"बघतेय आई, जा तू."

ती खरंच बघत होती. दिवा बघत होती.

सरस्वतीबाई दार ओढून गेल्या. थोड्या वेळाने सान्वी उठली. रडली. मी ऐकलं, पण मोबाइल वाजला नाही. मग तिच्या गुडघ्यांचा फरशीवर आवाज आला. तो आवाज माझ्या मागून गेला, बाथरूमकडे. कोपरला पाणी सकाळीच येतं, त्यामुळे बाथरूममधला टब काठोकाठ भरून ठेवतात. मग चपचप असा आवाज आला. पाण्यावर हात मारल्याचा. तिला मजा वाटत होती, ती हसत होती.

माझ्यासमोर ज्योत सुंदर तेवत होती. कल्याणला आणि गावाला सगळं ठीक दिसत होतं. मी तेव्हा जेवढा संतापलो तेवढा कधीच नाही. मान आहे पण फिरवता येत नाही, तोंड आहे पण बोलता येत नाही. चुलीत घाला असला डोळा.

तेवढ्यात मेघालीची सुट्टी झाली. तिने मला उघडलं. दिवा दिसला. आणि पाण्याचा आवाज तिने ऐकला. तिने बोट फिरवलं. बिछाना रिकामा. आणखी फिरवलं. बाथरूमचं दार उघडं होतं. सान्वी टबाला धरून उभी होती, पोटापर्यंत काठावर वाकलेली. एक पाय फरशीवरून सुटला होता.

मेघाली आजवर कधी माझ्यातून बोलली नव्हती. कंपनीतल्या बायकांसमोर तिला लाज वाटायची. आता तिने बटण दाबलं.

"सान्वू. इकडे बघ बाळा. आई इकडे आहे."

ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकली असती. पाय खाली टेकला. सान्वीने मान वळवली.

"ये. ये माझ्याकडे. भूर जायचं ना आपल्याला? ये ये ये."

टब सोडून ती बसली आणि रांगत माझ्याखाली आली. झबलं छातीपर्यंत भिजलेलं. मेघाली बोलत राहिली. काऊ, चिऊ, मनीमाऊ, तोंडाला येईल ते. संपलं की परत काऊ. तिच्या मागे कोणीतरी म्हणत होतं, "मेघाली, बस गं खाली, पडशील." ती थांबली नाही. सान्वी वर बघत बसून राहिली.

इतक्यात समिधाताईचा फोन आला. आईला. सरस्वतीबाई मोबाइल कानाला लावूनच घरात शिरल्या, आणि पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"आई, कॅमेरा कोणी फिरवला? दिवा दिसत नाहीये."

सरस्वतीबाईंनी ओली नात बघितली. उघडं बाथरूम बघितलं. भिंतीतून सुनेचा आवाज येत होता, "आई, तिला उचला. आधी उचला." त्यांनी मोबाइल टाकला आणि नातीला उचललं.

मेघाली अर्धी पाळी टाकून आली. येताच टब उलटा केला. पाणी वाया गेलं, तिने बघितलंही नाही. संध्याकाळी सुदेश आला, सगळं ऐकून म्हणाला, "झालं तर नाही ना काही. देवीनेच वाचवलं."

"देवीला मी काही म्हणत नाही. तुम्हाला म्हणतेय. कॅमेरा तुमच्या बहिणीला दिलात तेव्हा मला विचारलंत?"

तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. "काढा सगळ्यांची नावं. माझ्यासमोर." त्याने काढली. समिधाताईचा फोन आला तेव्हा मेघालीनेच उचलला. "ताई, दिवा विझला तर परत लावता येतो," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मग ती सासूसमोर बसली. "आई, उद्या मी कामावर जाऊ का नको, ते तुम्ही सांगा."

सरस्वतीबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "जा तू. हा आहे म्हणून मी उठले गं. हा नसता तर तिला काखेत मारून नेली असती हळदीकुंकवाला."

हेच. हेच मला सांगायचंय तुम्हाला.

घट उठले. मी अजून भिंतीवर आहे, आता फक्त मेघालीच्या मोबाइलवर दिसतो. सरस्वतीबाई माझ्याकडे बघतही नाहीत. पाणी भरायला गेल्या तरी नात कडेवर. मला त्याचा राग नाही.

राग याचा आहे की सान्वी आता माझ्याखाली येऊन बसते. मान वर करते, दोन्ही हात पसरते आणि मला आई म्हणते. मी तिला काय सांगू? मला हात नाहीत बाळा. तुम्ही जे कोणी हे वाचताय, तुमच्या घरात माझ्यासारखा असेल तर असू द्या. पण माझ्यासमोर पोरगं हात पसरून बसलं असेल, तर आधी उठा आणि त्याला उचलून घ्या.