उठ, चिरंजीवा

महाल भागातल्या त्या मंगल कार्यालयात भरदुपारी लग्नाला जमणार नाही एवढी गर्दी होती. नवरा नाही, नवरी नाही, पंगतीचा तर पत्ताच नाही. तरी माणसं खुर्चीला खुर्ची चिकटवून बसली होती आणि ज्यांना खुर्ची मिळाली नाही ती भिंतीला टेकून उभी होती. चारी कोपऱ्यांत कूलर घरघरत होते, म्हणून व्यासपीठावरचे भैय्याजी हातात माइक असूनही ओरडूनच बोलत होते. त्यांच्या मागे मोठा पडदा. पडद्यावर कॉम्प्युटरची एक खिडकी, तिच्यात हिरवे-लाल आकडे पळत होते, आणि पडद्याला, हो, पडद्यालाच, झेंडूचा हार घातलेला.

"हा आपला चिरंजीव!" भैय्याजी म्हणाले. "शेअर बाजाराचा रोबोट. हा इथं राहत नाही, दूर मुंबईत एका सर्व्हरवर राहते. तिथून शेअर घेते, शेअर विकते. तुम्ही जेवून राहिले तरी हा कामावर, तुम्ही झोपून राहिले तरी हा कामावर. अन् आता याले मी तुमच्या डोळ्यांदेखत मारतो!"

त्यांनी समोरच्या लॅपटॉपवर बोट दाबलं. खिडकी गेली, आकडे गेले. पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. भैय्याजींनी डोळे मिटले, पडद्यावर पंजा टेकवला, मंत्रासाठी तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. चांगला सणसणीत ठसका. भैय्याजी खोकून खोकून लाल झाले, कोणी पाणी आणायला धावलं, आणि तेवढ्यात पडद्यावर खिडकी पुन्हा उभी राहिली. आकडे पळायला लागले.

"पाहा!" भैय्याजी कसेबसे म्हणाले. "मी बोललोही नाही... अन् त्यानं माह्या मनातलं ऐकलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात उभ्या असलेल्या हर्षाला मात्र हसू आवरेना. ती एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. आज तास सोडून धावत आली होती, कारण सकाळी शेजारणीनं फोनवर सांगितलं होतं, 'तुझी आई घराचे कागद घेऊन महालात गेली वं.'

दुसऱ्या रांगेत आई दिसली आणि हर्षाचं हसू विरलं. सिंधूताई पदरानं डोळे पुसत होत्या.

हर्षा वाट काढत तिच्याजवळ गेली. "आई, कागद कुठं आहेत?"

"दिले," सिंधूताईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथं भैय्याजींचा माणूस विक्की फायलींचा ढीग लावून बसला होता. "घरावर कर्ज काढून देतात, अन् ते पैसे चिरंजीव खेळवते. कार्यक्रम झाला की सह्या आहेत."

"इंदोरा वस्तीतलं आपलं घर? तू अन् बाबांनी एकेक खोली वाढवत बांधलेलं घर?"

"तुह्यासाठीच तर करून राहिली ना मी!"

"आई, तू आपल्या घरात कधी लिंबू-मिरची लागू दिली नाही. नर्स असताना वॉर्डात पेशंटच्या उशीखालचे अंगारे तू स्वतः काढून फेकले. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली ते सगळ्यांना अभिमानानं सांगतेस. अन् इथं येऊन बसलीस?"

"इथं देव कुठं आहे?" सिंधूताई फणकारल्या. "भैय्याजीही देव मानत नाहीत. ते विज्ञान सांगतात. स्पंदनं असतात म्हणे. मशीन आहे ते, मूर्ती नाही."

घ्या! हीच तर खरी गोम होती. शेंदूर फासलेला दगड समोर ठेवला असता तर सिंधूताईंनी भैय्याजींना दारातूनच पिटाळलं असतं. पण दगडाच्या जागी लॅपटॉप आला, भस्माच्या जागी स्पंदन आलं, आणि आयुष्यभर जागी राहिलेली बाई इथं नेमकी डुलकी घेऊन गेली. हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्यासपीठावर भैय्याजी रंगात आले होते. "कोणाले शंका आहे? या! तुम्हीच मारा याले. जसं मारायचं तसं मारा, माही काही हरकत नाही. चिरंजीव उठणार म्हणजे उठणार!"

"मी मारते," हर्षा म्हणाली आणि तरातरा वर चढली.

भैय्याजी तिच्याकडे बघून हसले. "या ताई, या. इथं हे फुलीचं बटण दाबा."

"तुम्ही म्हटलं ना, जसं मारायचं तसं?" हर्षानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि फुलीला हात न लावता दुसरीच खिडकी उघडली.

भैय्याजींचं हसू जागच्या जागी सुकलं. "ओ ताई, ते काहून उघडून राहिल्या? विक्की, अरे विक्की!"

विक्की टेबल सोडून धावला. पण पहिल्या रांगेतून धोतर नेसलेले, खणखणीत आवाजाचे एक म्हातारे उठले. रामटेककडचे ताराचंद, धानाची शेती असलेले. कार्यालयात सगळ्यात आधी त्यांनीच कागद जमा केले होते. "थांब गा पोट्ट्या! भैय्याजी म्हणाले ना कसंबी मारा म्हणून? मारू दे तिले. चिरंजीव काय इतका नाजूक हाये का?"

लोक हसले. विक्की जागीच थबकला. बिचारे ताराचंद, ते भैय्याजींच्याच बाजूनं बोलत होते.

हर्षानं त्या खिडकीत एका ओळीवर दाबलं, मग खिडकी मिटली आणि चिरंजीवची फुली दाबली. आकडे गेले.

"उठवा आता," ती म्हणाली.

भैय्याजींनी पंजा टेकवला. "स्पंदन जाग, तरंग जाग! उठ, चिरंजीवा!"

काही नाही.

"उठ, चिरंजीवा!" आवाज चढला. कूलर घरघरत होते. भैय्याजींनी दोन्ही पंजे टेकवले, कपाळ टेकवलं, हार हलवला. शेवटी तर ते पडद्याच्या कानात सांगावं तसं पुटपुटायला लागले. चिरंजीव ढिम्म.

"या ताईच्या मनात पाप आहे!" ते गर्रकन वळले. "नकारात्मक लहरी! हिला खाली उतरवा! बाई, तुझ्या घरातलं एकही यंत्र चालणार नाही, बघच तू!"

"मग बघाच," हर्षा म्हणाली. तिनं माइक हातात घेतला. "मी याला मारलं नाही. याला उठवणाऱ्याला झोपवलं. कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. आपण तिला सांगून ठेवायचं, की हा प्रोग्राम दर मिनिटाला बघत जा, बंद दिसला तर चालू कर. सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला, तरी पहिलं काम हेच. बस, एवढंच. ते सांगणं मी आता बंद केलं होतं. ते मी परत चालू करते. आता कोणीही बोलायचं नाही, अन् भैय्याजी, तुम्ही तर मुळीच नाही."

तिनं दाबलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सभागृह चिडीचूप. कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि पडद्यावर खिडकी गुमान उभी राहिली, आकडे पळायला लागले.

"मंत्र कोणी म्हटला?" हर्षानं विचारलं.

ताराचंद अजून उभेच होते. त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे पोरी, हे आमच्या शेतातल्या मोटरीच्या ऑटोवानीच झालं की! लाइन आली का मोटर आपोआप चालू!"

"अगदी तसंच काका. मग त्या डब्याला तुम्ही हार घालता का?"

"त्याले मी लाथ घातली होती!" ताराचंद उसळले. "विहिरीत पाणी नव्हतं अन् त्यानं मोटर चालू केली. जळली ना मोटर!"

"ऐकलं?" हर्षा सभागृहाकडे वळली. "ही सोय वाईट नाही. रोबोट चालवणारे सगळेच ती ठेवतात, ठेवायलाच पाहिजे. पण ऑटो मोटर चालू करते, विहिरीत पाणी भरत नाही. हा रोबोट पडला तर उठेल. तुमचा पैसा पडला तर तो उठवायची सोय यांच्याकडे आहे का, ते विचारा यांना. देवाच्या नावानं फसवणारा तुम्ही ओळखता. मग विज्ञानाचं नाव घेतलं की डोळे का मिटता? विज्ञान डोळे मिटून बसायला सांगत नाही. ते म्हणतं, उघडून बघ, बंद करून बघ, पुन्हा चालू करून बघ. जो उघडून बघू देत नाही तो लुच्चा, मग त्याच्या हातात भस्म असो की लॅपटॉप!"

"खोटं आहे! हिले बाजारातलं काय समजते?" भैय्याजी ओरडले. काहींनी माना डोलावल्याही. श्रद्धा अशी एका दुपारात थोडीच उतरते! एक जण तर म्हणालाच, "पोरगी जास्त शहाणी दिसते."

तेव्हा सिंधूताई उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, लाजेनं की रागानं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मी सरकारी दवाखान्यात नर्स होती," त्या माइकशिवायच बोलल्या, आणि वॉर्ड गाजवलेला तो आवाज कूलरच्या वरून गेला. "लेकरं, म्हातारे, माह्या हातावर माणसं गेली. मेलेलं उठत नाही. उठलं, तर ते मेलंच नव्हतं. हे मले माहीत होतं. पक्कं माहीत होतं! तरी मी इथं बसून रडून राहिली होती."

त्या सरळ टेबलाकडे गेल्या. विक्कीनं ढिगावर हात ठेवला. "मावशी, एकदा दिलेले कागद असे परत..."

"हात काढ." विक्कीनं हात काढला.

सिंधूताईंनी आपली फाइल शोधली, उघडून एकेक पान तपासलं आणि छातीशी धरली. मग त्या सभागृहाकडे वळल्या. "बसून काय राहिले? या, आपापलं घर उचला!"

आधी ताराचंद निघाले. त्यांच्यामागे एक बाई, मग तिचा नवरा, मग खुर्च्या सरकल्याचा एकच गलका झाला. भैय्याजी माइकवरून काहीतरी सांगत होते, पण ऐकायला समोर कोणी राहिलं नव्हतं.

बाहेर रणरणतं ऊन होतं. पायऱ्या उतरताना हर्षानं हात पुढे केला. "दे आई, मी धरते फाइल."

"नको वं," सिंधूताई म्हणाल्या. "मीच सोडली होती हातची. मीच नेते घरी."