सगळे घरात असताना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आठ वर्षं मी या घरातल्या बाबांच्या नोकरीचं काम ओढलं. मग नवा लॅपटॉप आला आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

घरात छकुली जन्मली आणि माझे दिवस पालटले. तिचे आजी-आजोबा दूर राहायचे. त्यांना रोज एकेक फोटो पाठवून आई कंटाळली. एका रविवारी बाबांनी माझी धूळ पुसली, माझ्यात दूरच्यांना फायली देणारा फाइल सर्व्हर बसवला, छकुलीच्या फोटोंचं फोल्डर केलं आणि राउटरमधून बाहेरची वाट मोकळी केली. आता आजोबा तिकडून हवे ते फोटो स्वतः उतरवून घेणार होते.

"पासवर्ड ठेवलास ना?" आईने विचारलं.

"ठेवला गं बाई!"

ठेवला होता, खरंच. तीन दिवस. आजोबा रोज चुकायचे. शेवटी फोनवर वैतागले, "नातीचं तोंड बघायला एवढी कुलपं? मी काय दरोडा घालतोय?" बाबांनी पासवर्ड काढून टाकला. येईल त्याला आत घे, असं मला सांगितलं. आईला सांगितलं नाही; तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही 'ठेवलाय' म्हणाले.

मी पडलो हुकमाचा ताबेदार. पहिला दात, पहिलं पाऊल, मागेल त्याला देत राहिलो. "गुणी यंत्र आहे हो!" आजोबा म्हणायचे, आणि मी फुलून जायचो.

मग आजी-आजोबा राहायला आले. दुपारी सगळे जेवायला बसले होते. आईचा घास हातातच राहिला. माझा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता.

"फोटो घेणारे तर सगळे इथे बसलेत. मग हा आत्ता कोणाला देतोय?"

बाबांनी माझ्यातल्या नोंदी उघडल्या. कोणी अनोळखी अकरा दिवस पासवर्डाशिवाय येत होता. अख्खं फोल्डर त्याने नेलं होतं.

"जुना डबा! याचा भरवसाच नाही," म्हणत बाबांनी माझी नेटची वायर उपटली.

"त्याला कशाला बोलतोस? त्याने तुझं ऐकलं. खोटं तू बोललास, माझ्याशी."

आजोबांनी ताट सरकवलं. "सूनबाई, चूक माझी. मीच विसरायचो."

"विसरणं वेगळं, आजोबा."

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. संगणक बिघडला, असंच बाबा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. दाराआडून मला ऐकू येतं. आई तेव्हा छकुलीला उचलून आत नेते. गेलेले फोटो परत मागायचे तरी कोणाकडे?

मित्रांनो, बाहेरच्यांना दार उघडण्याआधी घरातल्यांना विचारा. पासवर्ड ठेवा. आणि ठेवला नसेल, तर निदान 'ठेवलाय' म्हणून सांगू नका.