सोन्यातलं हीण

"मेलं! सातवं टोकही मेलं!" मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. "ताई, तुम्हीच बघा."

मी डोळा लावला. सोन्याचं टोक कसलं, नुसता गोळा झाला होता.

प्रयोगशाळा मॅडमची, आणि सुट्या भागांची जोडणी करणारी मी, एकवीस वर्षं. भानगड अशी, की संगणकाच्या चकतीवर माहिती चुंबकाने ठिपक्याठिपक्यांत लिहितात. कमी जागेत जास्त लिहायचं तर ठिपके बारीक हवेत, आणि बारीक ठिपके भलते विसराळू! म्हणून मॅडमनी असा पक्का पदार्थ निवडला, की तापवल्याशिवाय तो चुंबकाला भीकच घालत नाही. तापवायचाही फक्त एका ठिपक्यापुरता. त्यासाठी लेझरचा उजेड सोन्याच्या टोकाने आवळून आणायचा. केसाच्या जाडीत अशी हजार टोकं सहज मावतील. लिहिणं झकास व्हायचं, पण त्याच उष्णतेने दोन तासांत टोक बोथट. महिनाअखेरपर्यंत शंभर तास टिकलं नाही तर काम बंद, नऊ जणांनी आपापली सोय बघायची, असं वरून बजावलं होतं.

"मॅडम, सोनं चोख आहे ना?"

"शंभर नंबरी. उजेडाला तेच लागतं."

"मग हीण घाला की!"

"काय घालू?"

"हीण. दुसरा धातू, जरासा. चोख सोनं मऊ असतं हो. त्याची अंगठी कोणी घडवत नाही, आठ दिवसांत वाकते."

"मी शुद्धतेसाठी जीव काढतेय आणि तुम्ही भेसळ सांगताय?" मॅडम कडाडल्या. मग पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावल्या. "उजेड थोडा कमी पडेल," स्वतःशीच पुटपुटल्या, "पण टोक तर राहील! ताई, हे कुठे शिकलात?"

"सोनाराची मुलगी आहे मी."

"तरीच! सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते खोटं नाही," असं म्हणून त्या हसत सुटल्या.

शिकले म्हणजे काय? बाबा शिकवायचे भावांना, मी भाता ओढायचे. सोन्याला बोट लावलं की खेकसायचे, "तुला काय करायचंय त्यात?" कान मात्र उघडे होते माझे.

हीण घातलेलं टोक मीच बसवलं. शंभर तास भरले ते भर दुपारी. सगळे यंत्राभोवती गोळा झाले होते. मॅडमनी डोळा लावला आणि किंचाळल्याच, "जसंच्या तसं!" मला तर नाचावंसं वाटलं. नाचलेच थोडी, लाज कसली?

मॅडमनी हट्टाने बाबांना फोन लावायला लावला. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमच्या मुलीने आम्हाला वाचवलं," मॅडम म्हणाल्या. "सोन्यात हीण घालायचं तिनेच सुचवलं. एवढं कसं हो कळतं तिला?"

मला वाटलं, आता म्हणतील, ती? ती तर भाता ओढायची.

बाबांनी घसा खाकरला.

"कळणारच," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली तयार झालीय ती."

धादांत खोटं! पण मी कशाला बोलतेय?