दोन किलोमीटरच्या आतली बहीण

दुकान उघडलं की चिमी आधी आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची, मग काउंटर पुसायची. दुकान म्हणजे पुढे एक खोली, मध्ये पडदा आणि पडद्यामागे आईची खाट. वडिलांनी इथेच चष्म्याच्या काचा घासून दोन लेकरं वाढवली. थोरला मॉलमध्ये दुकान घेऊन झळकला, धाकटी इथेच राहिली. नवऱ्याने टाकलेली म्हणून गल्लीने तिला चार दिवस चघळलं, पण चष्म्याची काडी मोडली की सगळ्यांचे पाय तिच्याकडेच वळायचे.

त्या दिवशी दादा आणि वहिनी सकाळीच आले.

"चिमे, जरा बस," दादा म्हणाला. तो असं म्हणाला की पुढे काहीतरी वाईट येतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मॉलच्या भाडेकरारात एक कलम होतं. भाडेकरूने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने दोन किलोमीटरच्या आत तोच धंदा करायचा नाही. मॉलचा मालक नुसतं भाडं घेत नव्हता, विक्रीतही टक्केवारी घेत होता. त्यामुळे गल्लीत विकलेला चष्मा त्याला आपल्याच खिशातून गेल्यासारखा वाटायचा. दादाने पहिल्या सहीच्या वेळी ते कलम वाचलं होतं आणि तो मूग गिळून बसला होता. आता करार नव्याने करायची वेळ आली, तसं मॅनेजरने त्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी दुकान बंद करू?"

"सगळेच करतात गं. घड्याळवाल्याने चुलत्याचं बंद करायला लावलं. खेळणीवाल्याने तर बायकोचं. रीतच आहे तिथली."

रीत म्हणे. असल्या रीती जन्मतात तरी कशा? पहिला घाबरून सही करतो, दुसरा पहिल्याचं बघून करतो, आणि तिसऱ्याला वाटतं की हे सृष्टीच्या आरंभापासून असंच चालत आलंय. हुंड्याचं असंच झालं, आणि या कलमाचंही तेच चाललं होतं.

"आणि आईचं औषध? माझं पोट?"

"मी देईन ना दर महिन्याला."

वहिनी लगेच दाराबाहेर बघायला लागली. तेवढ्यावरून चिमीला त्या "देईन"ची किंमत कळली.

"नाही करत बंद."

दादाने खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. "मग एकच रस्ता आहे. मॅनेजर म्हणतो, एवढं लिहून दिलं तरी चालेल."

कागदावर होतं: सदर महिला माझी कोणीही लागत नाही. तिच्याशी माझा कसलाही संबंध नाही व पुढेही राहणार नाही.

"कागदापुरतंच गं," दादा म्हणाला. "नातं काय कागदाने तुटतं?"

पडद्यामागे खाट करकरली.

"कर सही," चिमी म्हणाली. "पण एकदा केलीस की फिरवायची नाही. आणि एक प्रत मला दे."

त्याला वाटलं होतं, ही रडेल आणि शेवटी दुकान बंद करेल. त्याने बायकोकडे पाहिलं. "करून टाका एकदाचं," वहिनी म्हणाली. काउंटरवरचंच पेन उचलून त्याने सही केली.

"या आता तुम्ही," चिमी म्हणाली. जन्मभर ज्याला अरे दादा म्हटलं, त्याला ती पहिल्यांदा अहो-जाहो करत होती. त्याला ते समजलंही नाही.

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताट मागितलं आणि म्हणाली, "चिमे, तो कागद जपून ठेव."

चिमीच्या जुन्या गिऱ्हाइकांत जाड भिंगांच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि त्यांचं तोंड कडू झालं. "मॉलवाल्याने आपल्या छपराखाली काय हवं ते करावं," त्या म्हणाल्या. "पण बाहेरची दुकानं मारून लोकांना दुसरीकडे जायला जागाच ठेवायची नाही, हे कायद्याला चालत नाही. स्पर्धा आयोगाकडे तक्रार करू. फक्त तू एकटी पुरणार नाहीस."

"मला न्याय-बिय नको बाई. मला त्यांची जिरवायचीय."

"जिरवायलाही साक्षीदार लागतात."

चिमी आधी मॉलमधल्या दुकानदारांकडे गेली. एकानेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांचे हात दगडाखाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या दारात उभ्या आहोत. ज्यांची दुकानं गेली त्यांच्याकडे जायला हवं. घड्याळवाल्याचे चुलते घरात बसून शेजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करत होते. "पुतण्याला धंदा मीच शिकवला," ते म्हणाले. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. कुठे यायचं ते सांग." खेळणीवाल्याच्या बायकोचा माल पलंगाखाली धूळ खात होता. नवरा म्हणाला, साक्ष दिलीस तर घराबाहेर काढीन. ती म्हणाली, "दुकानातून काढलंस तेव्हाच काढलंयस."

आयोगापुढे मॉलचे वकील मोठ्या साळसूदपणे म्हणाले, कलम नावापुरतं आहे, कोणावर जबरदस्ती झाली नाही. वकीलबाईंनी फक्त तो कागद पुढे सरकवला. तो कोणी टाइप केला, असं साक्षीला बोलावलेल्या दादाला विचारलं गेलं.

"मॅनेजरसाहेबांनी तयार आणला होता," दादा कसाबसा म्हणाला.

"आणि या बाई तुमच्या कोण?"

बहीण म्हणावं तर लिहून दिलेलं खोटं ठरतं आणि दुकान जातं. दादाने एकदा चिमीकडे पाहिलं, एकदा मॅनेजरकडे.

"कोणी नाही," तो म्हणाला.

चिमी बाकाची कड घट्ट धरून बसली. नाहीतर तिने तिथेच त्याची गचांडी धरली असती.

निकाल लागला. ते कलम सगळ्या करारांतून रद्द झालं, मॉलला जबर दंड बसला आणि तसा फलक दारावर लावायचा हुकूम निघाला. मॅनेजरची नोकरी गेली. चिमी तो फलक वाचायला मुद्दाम दोनदा जाऊन आली. सूड गोड नसतो म्हणतात. तिला तो चांगलाच गोड लागला, आणि का लागू नये?

काही दिवसांनी दादा गल्लीत आला. या वेळी एकटाच.

"चिमे, कलम गेलं. आता सगळं पहिल्यासारखं."

"इथे गिऱ्हाइकं बसतात."

"बरं बाई, मग गिऱ्हाईक समज," तो हसायचा प्रयत्न करत खुर्चीत बसला. "मलाही चाळिशी लागलीच आहे."

तिने तपासायची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, भिंग टाकलं आणि जवळचं वाचायचा कागद त्याच्या हातात दिला. प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद गल्लीतल्या प्रत्येक चाळिशीवाल्याने वाचला होता. मॉलमधल्या कितीतरी जणांनीसुद्धा.

"वाचा."

"चिमे, अगं हे..."

"मोठ्याने वाचा. त्याशिवाय नंबर कळत नाही."

"सदर महिला," दादाने सुरुवात केली आणि थांबला. ती वाट बघत राहिली. "माझी कोणीही लागत नाही."

तिने भिंग बदललं. "आता?"

त्याने पुन्हा वाचलं. काच आतून ओली झाली, तशी तिने फ्रेम काढली, पुसली आणि परत चढवली.

"आता स्पष्ट दिसतंय?"

"दिसतंय."

"कोण आलंय गं?" पडद्यामागून आईने विचारलं. डोळे गेले असले तरी कान शाबूत होते. पोटच्या पोराचा आवाज तिने पहिल्याच शब्दाला ओळखला होता.

"गिऱ्हाईक आहे, आई."

खाट करकरली. म्हातारी उठून येईल, पडदा सारेल, म्हणून दादा अर्धवट उठला.

"मग पैसे पूर्ण घे," आई म्हणाली.