चार बोटे जास्त

मित्रांनो, बाई गेल्याचे कळले ती सकाळ मला लख्ख आठवते. माझ्यावर एक फळी अर्धी रंधून पडली होती. मुली ॲप्रन बांधून तयार होत्या. कॉलेजचा शिपाई दारात आला आणि म्हणाला, "आज तास नाही. सर येणार नाहीत. बाई गेल्या." एवढे बोलून तो तिथेच उभा राहिला. मुलीही हलेनात. शेवटी एकीने फळी उचलून भिंतीला लावली, दुसरीने माझ्यावरचा भुसा फडक्याने पुसला आणि सगळ्या निघून गेल्या.

मी सुतारकामाचे जुने बाकडे आहे. सर ऐन विशीत होते तेव्हा पाडलेल्या एका गोदामाच्या तुळयांमधून त्यांनी मला घडवले. अंगात खिळा एकही नाही. लाकडात लाकूड बसवून केलेले काम. सुतार आपले बाकडे कसे बेततो, ठाऊक आहे? सरळ उभे राहायचे, हात खाली सोडायचा, मूठ वळायची. मूठ जिथे येईल तिथे बाकड्याचा माथा. मग रंधा मारताना खांदे भरून येत नाहीत, अंगाचा भार आपोआप रंध्यावर जातो. मी सरांच्या मुठीचे आहे. याचा मला फार तोरा होता. माझ्यावर दारे झाली, पाळणे झाले, सरांच्या संसारातले पहिले कपाटही झाले. बघणारा म्हणायचा, बाकडे असावे तर असे.

पुढे सर कॉलेजात सुतारकाम शिकवू लागले आणि मलाही सोबत घेऊन आले. बाई म्हणजे सरांची बायको. त्या वरच्या मजल्यावर स्त्री-अभ्यास शिकवायच्या. मोठी खटपट करून त्यांनी आपल्या वर्गाला सुतारकामाचा विषय जोडून घेतला. "कामाबद्दल नुसतं वाचतात पोरी. हातात हत्यार पण येऊ दे," असे त्यांचे म्हणणे.

सात मुली आल्या. सर जीव ओतून शिकवत, पण मुलींचे काम काही नीट उतरेना. रंधा अडखळे, दुसऱ्या दिवशी माना धरत. सर वहीत नावापुढे शेरा मारत, 'जोर कमी'. जमायचे ते एकीलाच. ती सगळ्यांत उंच, म्हणून तिला सगळ्या जिराफ म्हणत. तिच्या रंध्यातून लाकडाचा कीस लांबच लांब, अखंड निघे. सगळ्यांत बुटकी ती लवंगी. तिच्या रंध्यातून नुसता चुरा.

एका दुपारी बाई खाली येऊन स्टुलावर बसल्या होत्या. सरसाच्या डब्याचे झाकण घट्ट बसले होते. जिराफने ओठ चावून जोर लावला आणि हात टेकले. लवंगीने डबा काखेत धरला आणि झाकण फटकन काढून दिले.

"अहो सर," बाई म्हणाल्या, "जोर कुणात कमी म्हणालात?"

मुली तोंड दाबून हसल्या.

"झाकण वेगळं, रंधा वेगळा," सर म्हणाले.

"बरं. तिला बाकड्याशी उभी करा. हात सोडून."

लवंगी उभी राहिली. तिची मूठ माझ्या माथ्याच्या चार बोटे खाली आली.

"पोरीत काही कमी नाही. बाकडं चार बोटं जास्त आहे," बाई म्हणाल्या. "कापा."

"त्यापेक्षा पायाखाली पाट देतो."

"द्या. पाटावरून पडली की लिहा, तोल कमी."

सर ओशाळून हसले. "सहामाही परीक्षा होऊ दे. मग कापतो."

परीक्षा झाली. सर म्हणाले, सुट्टी लागू दे. खरे सांगायचे तर मित्रांनो, मलाही ते बरेच वाटले. तीस वर्षे ज्या पायांवर उभे राहिले ते पाय कोण हौसेने कापून देईल? लवंगी प्रात्यक्षिकात नापास झाली. तिने विषय सोडल्याचा अर्ज दिला आणि ॲप्रनची घडी माझ्यावर ठेवून निघून गेली. बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. त्यांनी दोनदा विचारले, "लवंगीचं कसं झालं?" सरांनी दोन्ही वेळा सांगितले, "बरं झालं."

बाई गेल्यावर पंधरवड्याने सर पुन्हा तास घ्यायला खोलीत आले. मुलींसमोरच त्यांनी मला आडवे केले, चारही पायांवर चार बोटांच्या खुणा केल्या आणि करवत घेतली.

"सर, तुम्हाला वाकावं लागेल," जिराफ म्हणाली.

"वाकेन की."

"आणि मला?"

"तुकडे टाकत नाहीये. तू आलीस की खाली लावू. तुझ्यापायी बाकीच्यांनी का टाचा उंच करायच्या?"

मला वाटले होते तेवढे दुखले नाही. मला उभे केल्यावर उरलेल्यांतल्या सगळ्यांत बुटक्या मुलीने रंधा चालवला. पहिल्याच झटक्याला वीतभर कीस निघाला. सरांनी तो उचलला आणि तास संपेपर्यंत हातातच धरून ठेवला.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. कुणाला काम जमत नसेल, तर त्याच्या हातांना नावे ठेवण्याआधी आमच्याकडे बघा. आम्ही लाकूड आहोत, आम्हाला कापता येते. आणि कापायचे ठरले, तर सुट्टीची वाट बघू नका.

वहीतला 'जोर कमी' हा शेरा सरांनी खोडला आहे. विषय परत घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. सर रोज दुपारी फोन काढतात, लवंगीचा नंबर बघतात आणि फोन पुन्हा खिशात ठेवतात. तिला अजून कुणी काही सांगितलेले नाही.