माझी सवत आली हुपरीच्या एस्टीने

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी काही फार गुणाची नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती झिजलो आणि किती सोसलं, एवढंच सांगतात. मीही झिजले, मीही सोसलं. पण त्याहून जास्त मी जळले, आणि ते लपवून काय मिळणार? मी हुपरीच्या चन्नाप्पाची गिटार. गोल तोंडाची, चपट्या छातीची, अगदी साधी.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका अरुंद गल्लीतला. तिथे आमच्यासारख्या डझनांनी जन्मायच्या. अंगावरचं पॉलिश नीट वाळण्याआधीच आम्हाला गवतात गुंडाळून आगगाडीत घातलं. मी कोल्हापुरात गणपतरावांच्या दुकानात उतरले. गणपतराव पेट्या आणि तबले दुरुस्त करायचे. मला त्यांनी दाराशी टांगलं, आणि वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याने मला नुसतं टिचकी मारून पाहिलं.

त्रेसष्ट साली चन्नाप्पा आला. एकोणीस वर्षांचा होता, बोटं चांदीच्या कामाने काळी पडलेली. हुपरी हे कोल्हापूरजवळचं चांदीच्या कामाचं गाव, त्यांच्या घरीही पैंजणं घडवत. घुंगरं जोडणं हे त्याचं काम. जोडून झाली की पैंजण कानाशी धरून हलवायचा. पन्नास घुंगरांत एखादं मुकं असलं तरी त्याला लगेच कळायचं. त्या कानांनी त्याने मला ऐकलं आणि म्हणाला, "गणपतराव, हीच द्या. गरीब हाय, पर खोटं बोलत न्हाय." एवढी स्तुती माझी पुन्हा कधीच कुणी केली नाही.

पुढची चार वर्षं मी राणी होते. दिवसभर ठोकठोक चालायची आणि संध्याकाळी हात धुतले की तो मला मांडीवर घ्यायचा. दत्तोपंत मास्तरांनी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा काढला होता. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि गणपतीत अकॉर्डियन वाजवायचे. त्यांच्याबरोबर आम्ही पेठेपेठेतले मांडव गाजवले. चन्नाप्पाचं लग्न झालं तेव्हा त्याची बायको शांतादेवी मला बघून म्हणाली, "ही माझी सवत म्हणायची की!" सासूबाई शिवम्मा, म्हणजे अव्वा, तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही गंमत वाटली. सवत असणं मजेचं असतं, मित्रांनो. सवत येणं वेगळं.

एकदा मुंबईची मंडळी थेटरात वाजवायला आली होती. त्यांच्यातल्या एकाकडे आर्चटॉप होती. म्हणजे अशी गिटार, जिची छाती सपाट नसते, जाड फळी कोरून कोरून फुगीर केलेली असते, आणि गोल तोंडाऐवजी व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटी असतात. चन्नाप्पा कार्यक्रम संपल्यावर आत गेला आणि तिला नुसता हात लावून आला. घरी आल्यावर त्याने मला मांडीवर घेतलं, दोन तारा छेडल्या आणि परत खुंटीला अडकवलं. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

त्यानंतर कुठल्याशा विलायती मासिकातलं तसल्या गिटारीचं चित्र कापून त्याने भिंतीवर चिकटवलं. कुठे? तर बरोबर माझ्या खुंटीसमोर! जेवताना तो तिच्याकडे बघायचा, घुंगरू जोडता जोडता तिच्याकडे बघायचा. सात वेळा पाडवा आला तरी त्याने नवा सदरा घेतला नाही, पैसे साठवले ते तिच्यासाठी. एका कागदावर जळणारी गिटार जगात माझ्याशिवाय दुसरी नसेल.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गणपतरावांचा निरोप आला. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातला बँड मोडला होता आणि दोन आर्चटॉप त्यांच्याकडे आल्या होत्या. एक तू निवड, आणि जुनी इथे सोडून जा, असा तो निरोप होता. तो ऐकून माझ्या सहाही तारा सैल पडल्या.

चन्नाप्पा मला घेऊन निघाला. मला वाटलं, सोडायलाच चाललाय. पण दुकानात बसल्यावर त्याने जे केलं ते चांदीवालाच करू जाणे. अनोळखी चांदी आली की हे लोक कसाच्या दगडावर आधी माहितीतल्या चांदीची रेघ ओढतात, आणि तिच्या शेजारी अनोळखी चांदीची. मग दोन्ही रेघा बघतात. चन्नाप्पाने तसंच केलं. एकच तान आधी माझ्यावर वाजवायची, मग नवीवर, मग पुन्हा माझ्यावर. मी त्याची माहितीतली चांदी होते.

दोघींतली पहिली म्हणजे काय तिचा थाट! मधोमध मधाचा रंग, कडेला काळाभोर, खुंट्या सोनेरी, अंगात तोंड दिसेल अशी झिलई. दुसरी फिकट, बिनपॉलिशची वाटावी अशी, काठावर एक टवका उडालेला. गणपतरावांनी पहिलीवरून पंचा फिरवला.

"बघ की, चन्नाप्पा! नवरीवानी हाय. डोळं झाकून ने."

चन्नाप्पाचे डोळे झाकले गेले नाहीत, उलट मोठे झाले. त्याने ती छेडली आणि मला एका सुरात कळलं, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! वरवर आवाज मोठा, पण पोटात काहीच नाही. मग माझ्या मनात काय आलं ते ऐका. म्हटलं, नेऊ दे हिलाच. वर्षभरात कंटाळेल आणि परत माझ्याकडे येईल. फक्त आपण वाईट वाजायचं, म्हणजे हिची खोट झाकली जाईल.

पण त्याने मला उचललं, आणि त्याचा हात लागला की मला वाईट वाजताच येत नाही. उलट जळफळाटाने मी इतकी खणखणीत वाजले की गणपतरावांच्या हातातला पंचा थांबला. चन्नाप्पाने पुन्हा पहिली वाजवली, पुन्हा मला वाजवलं, आणि कपाळाला आठी घातली.

"गणपतराव, हिच्यात आवाजाच्या मागं आवाज न्हाय."

मग त्याने ती फिकट उचलली. त्याने एकच सूर काढला. तो सूर कितीतरी वेळ विरलाच नाही. चन्नाप्पाने डोळे मिटले आणि मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. खरी सवत निवडायला मीच मदत केली होती.

"घे मग. आन् जुनी ठेव हितं," गणपतराव म्हणाले.

"कसाची चांदी कोण इकतंय व्हय, गणपतराव?" असं म्हणून चन्नाप्पाने हातातलं वडिलांचं कडं उतरवलं आणि माझ्या बदल्यात ठेवलं. मित्रांनो, एवढं ऐकून दुसरी कुणी सुखाने न्हाली असती. पण हुपरीच्या एस्टीत काय झालं? ती त्याच्या मांडीवर, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली. आणि मी टपावर, कोंबड्यांच्या पाटीशेजारी!

घरी माझी खुंटी तिला मिळाली आणि मला माळ्यावर भाताच्या कणगीमागे जागा. गावभरचे लोक तिला बघायला यायचे. "काय वाजतीया ओ!" हे मी वरून ऐकायचे. दत्तोपंत मास्तर म्हणाले, "चन्नाप्पा, ही आली आणि आपला ऑर्केस्ट्रा वयात आला." म्हणजे माझ्या वेळी तो काय रांगत होता? माझ्या अंगावर कोळ्याने जाळं विणलं. मी रोज जोतिबाला नवस बोलायचे की देवा, हिचं काहीतरी वाटोळं कर, तुला गुलाल उधळीन. हात नसलेल्या गिटारीने गुलाल उधळायचा कसा, एवढाही विचार मी केला नाही.

पंच्याहत्तरची खंडेनवमी आली. त्या दिवशी कारागिराच्या घरी हत्यारं पूजतात. हुपरीत आदल्या वर्षाची सगळी काजळी काढायला हातोड्या, चिमटे, ऐरण, सगळं रिठ्याच्या पाण्याने घासतात, कारण चांदी रिठ्याने उजळते आणि चांदीवाल्यांचा रिठ्यावर देवाइतका विश्वास. चन्नाप्पा झेंडूची फुलं आणायला गेला होता. अव्वांनी अंगणात घमेलं मांडलं, हत्यारं धुतली आणि त्यांची नजर खुंटीकडे गेली.

"माझ्या ल्येकाचं हे बी हत्यारच की," त्या शांतादेवीला म्हणाल्या. "सणाच्या दिशी हिला तेवढी पारोशी ठिवायची व्हय?"

आणि अव्वांनी तिला घातली की आंघोळ! रिठ्याच्या फेसाने चोळली, कुंच्याने घासली, फटींतून आत धूळ दिसली म्हणून दोन तांबे आतही ओतले. मग उपडी करून निथळली आणि भर उन्हात वाळत ठेवली. मी माळ्याच्या झरोक्यातून सगळं बघत होते. मला माहीत होतं, आमची हाडं सरसाने चिकटवलेली असतात आणि सरसाला पाणी म्हणजे विष. मला ओरडता येत नव्हतं हे खरं. पण आलं असतं तरी मी ओरडले नसते, हेही खरं.

चन्नाप्पा आला तेव्हा ती पाटावर हळदकुंकू लावून बसली होती. अव्वा कौतुकाने म्हणाल्या, "बघ, चांदीवानी लखलखतीया!" चन्नाप्पाने तिला उचललं. आत काहीतरी खडखडलं. छातीचा सांधा एका बाजूने उकलला होता. तो अव्वांकडे बघून म्हणाला, "ब्येस केलंस, अव्वा." आणि परसात जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा कार्यक्रम होता. त्याने मला माळ्यावरून काढलं, जाळी पुसली, नव्या तारा चढवल्या. मी जिंकले होते! मांडवात मी जीव तोडून वाजले. पण त्याची बोटं वर वर सरकायची, माझ्यात नसलेल्या जागी पोचायची आणि मुकाट्याने परत यायची. वर्षभरात तो कुठल्या कुठे गेला होता आणि मी होते तिथेच होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मला खाली ठेवलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्याचं एवढं दुःख मी मागून घेतलं होतं. नवस फळला आणि घशाखाली उतरेना.

दोघींना घेऊन तो गणपतरावांकडे गेला. त्यांनी फटीतून आत दिवा धरला.

"सांधा बशीवतो. पर आतली पट्टी फुटलीया. तिच्यावरच आवाज तोललेला असतोय. नवीन लाकूड घालून उपेग न्हाय, ते वल्लं असतंय, आवाज मारतंय. वाजून वाजून वाळलेली फळी पायजे." एवढं बोलून ते माझ्याकडे बघू लागले.

मी समजले. चन्नाप्पाही समजला.

"इचार कर," गणपतराव म्हणाले. "कसाची चांदी इकत न्हाय म्हणालतास."

"इकत न्हाईच की," चन्नाप्पा म्हणाला. "जुनी चांदी इकत न्हाईत, गणपतराव, आटवत्यात. कापा. तारा तेवढ्या मी सोडतो."

एकेक तार त्याने हळूहळू उतरवली. दुसऱ्यांदा निवड झाली होती आणि त्याने तिला निवडलं होतं. करवत लागली तेव्हा दुखलं नाही. जे दुखायचं ते आधीच दुखलं होतं.

माझ्या छातीचे तीन काप एकावर एक चिकटवून त्यांनी पट्टी केली आणि ती सवतीच्या पोटात बसवली. आज मी बोलतेय ती तिथूनच. आत अंधार आहे आणि सरसाचा वास. मला वाटलं होतं, आता जन्मभर हिची धुणीभांडी करायची. पण चन्नाप्पाने पहिला सूर काढला, तिची छाती माझ्यावर टेकली आणि तो सूर माझ्यातून आरपार गेला. ज्या जागी मी कधी पोचले नव्हते त्या जागी त्याची बोटं पोचली, आणि बरोबर मीही होते. मी रडले असते तर सरस सुटला असता, म्हणून रडले नाही.

मित्रांनो, शहाणपण सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगते. चांदीची निगा लाकडाला लावू नका. ज्याची त्याची माया वेगळी असते, ती आधी विचारून घ्या. आणि नवं घरी आणाल त्या दिवशी जुन्याला टपावर टाकू नका. आमचं तोंड बंद असलं तरी आम्ही बघत असतो. आता अव्वा तिला फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसतात, तेही चन्नाप्पाला विचारून.

माझा मत्सर गेला का? छे! टाळ्या तिला पडतात तेव्हा अजून मला झोंबतं. परवाच्या गणपतीत मुंबईचा एक वादक कार्यक्रम संपल्यावर चन्नाप्पाला शोधत आला. तिला वाजवून बघितली आणि म्हणाला, "अशा बऱ्याच वाजवल्यात मी. पण हिच्या आवाजात काहीतरी निराळंच आहे."

"पावणं, ती नुसती भाईर हाय," चन्नाप्पा म्हणाला. "आत हुपरीचीच हाय. पैली बायको माझी."

"मग मी कोण ओ?" शांतादेवी कडाडली, आणि सगळे पोट धरून हसले.

तेवढ्यात सवतीची पहिली तार कुणी हात न लावता अर्ध्या सुराने उतरली. चन्नाप्पाला वाटलं, हवेचा दोष. पण इतकी वर्षं जळलेल्या मला ती कळ लगेच ओळखू आली. मी तिला आतून हळूच म्हटलं, "होईल गं सवय."